हेस्तफेल घाटातली वस्ती

हेस्तफेलचा घाट आयलर्टनं वाचवला. एकट्यानं, भर वादळात, बर्फाच्या नांगराच्या जोरावर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी जीव मुठीत धरून वाचायला नको. आता हे विसरा. असं काही झालंच नाही. घाटाखालच्या क्वालनेस गावात कुणालाही विचारा, तो खिडकीबाहेर बघेल आणि वाऱ्याविषयी बोलायला लागेल. खुद्द आयलर्टला विचारलंत तर तो म्हणेल, त्या दुपारी मी घरीच होतो. यात एक अक्षरही खोटं नाही, आणि तीच तर पंचाईत आहे.

आयलर्ट रस्त्याच्या कामाला लागला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. पहिल्यांदा त्यानं समुद्राकाठचा बांध घातला. तो पहिल्याच हिवाळ्यात समुद्रानं नेला. मग बोगदा. दोन बाजूंनी दोन टोळ्या खणत आल्या आणि डोंगराच्या पोटात भेटल्या, पण अगदी समोरासमोर नाही. आजही बोगद्याच्या मध्यावर प्रत्येक गाडीला शेजाऱ्याच्या दारातून डोकावल्यासारखी मान वाकडी करावी लागते. मग घाटाचा रस्ता. जमिनीत मुरलेला बर्फ दर वसंतात तो रस्ता उचलतो, नीट न्याहाळतो, आणि जिथून उचलला तिथून जरा बाजूला ठेवतो.

"आयलर्ट, तुझ्या रस्त्यावर गाडी चालवली की होडीत बसल्यासारखं वाटतं," लोक म्हणायचे.

"मग वल्ही घेऊन या," आयलर्ट म्हणायचा.

हिवाळ्यात तो बर्फाचा नांगर, म्हणजे पुढे भलंमोठं पातं लावून बर्फ बाजूला सारणारी गाडी, चालवायचा. सकाळी घाट मोकळा करायचा, दुपारपर्यंत वारा तो बुजवून टाकायचा, की आयलर्ट परत हजर. बायको बोर्गहिल्ड म्हणायची, "तुझा धंदा माझ्या भांड्यांसारखाच आहे. फरक इतकाच, की माझी भांडी निदान दोन तास तरी कपाटात जातात."

 आयलर्टच्या सगळ्या कारकिर्दीत एकच रस्ता असा झाला होता, की जो ना खचला, ना उठला, ना वाहून गेला. तो त्याच्या स्वतःच्या घराभोवतीचा. त्याचं कारणही फारसं अभिमानाचं नाही: आयलर्टला गाडी मागे घेता येत नाही. एवढं अवाढव्य धूड पुढे न्यायला तो वाघ, पण मागे घ्यायची म्हटली की हातपाय गळायचे. दोनदा त्यानं स्वतःचा गोठा पाडला, एकदा शेजाऱ्याचा. शेवटी त्यानं टपालपेटीपाशी डावीकडे वळणारा, घराला, गोठ्याला आणि बटाट्याच्या शेताला वळसा घालून परत टपालपेटीपाशीच येणारा असा गोल रस्ता बांधून काढला. चांगली भक्कम खडी, व्यवस्थित उतार, पाणी जायला चर. आयुष्यातलं सर्वोत्तम काम त्यानं मागे जाता येत नाही म्हणून केलं होतं.

त्या वर्षी रस्ते खात्याच्या डोक्यात आलं, की हेस्तफेलचा घाट हिवाळ्यात बंद ठेवावा. ऑक्टोबरात फाटक लावायचं, ते मेमध्ये उघडायचं. क्वालनेसच्या लोकांनी त्या दिवसांत बोटीनं जावं. आणि आयलर्टची सोय शहरातल्या कचेरीत केली होती. तिथे कानाला यंत्र लावून बसायचं, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, की हेस्तफेलचा रस्ता बंद आहे.

"जो रस्ता जन्मभर उघडत आलो, तो बंद आहे म्हणून दिवसभर बोंबलायचं," आयलर्ट म्हणाला.

"आवाज बरा आहे तुझा," ट्रिग्वे म्हणाला. ट्रिग्वे दुसरा नांगर चालवायचा. दोघं पोरसवदा होते तेव्हापासून एकमेकांच्या मागेपुढे असायचे, आणि या एवढ्या काळात त्यानं आयलर्टला 'घोड्या' सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. "रडू नको, घोड्या. खात्याची बाई येतेय ना स्वतः घाट बघायला? तिला पटवून दे."

"मी? मी नवरीलासुद्धा पटवलं नव्हतं. तिनंच एकदा विचारलं, की आता काय करायचं ठरवलंयस."

बाई आली ती जानेवारीत, आणि तिच्याबरोबर वादळ आलं. दुपार होती, म्हणजे इथे उत्तरेत हिवाळाभर असतो तसा काळोख. अशा हवेत घाट मोकळा सोडत नाहीत. पलीकडच्या फाटकापाशी गाड्या जमवायच्या, पुढे एक नांगर, शेवटी दुसरा, आणि मधे सगळ्यांनी मुंग्यांसारखं एकामागून एक चालायचं. त्या दिवशी पुढे आयलर्ट होता आणि मागे ट्रिग्वे. मधे मासळीचा ट्रक, शहरातल्या शाळेच्या बँडची बस, गावचा पाद्री, फिरतं घर घेऊन आलेलं एक जर्मन जोडपं (असं जोडपं प्रत्येक ताफ्यात असतंच, ती कुठून येतात ते कुणालाच माहीत नाही), आणखी काही गाड्या, आणि एका चिमुकल्या विजेच्या गाडीत खात्याची बाई.

आयलर्ट रिवाजाप्रमाणे प्रत्येक गाडीच्या काचेशी जाऊन सूचना देत होता. "चारी दिवे लुकलुकत ठेवायचे. पुढच्या गाडीचा लाल दिवा सोडायचा नाही. थांबायचं नाही, वळायचं नाही, उतरायचं नाही. पुढचा समुद्रात गेला तर आपणही जायचं, विचार करायचं काम आमचं." हे भाषण त्याला इतकं पाठ होतं, की एकदा चर्चमध्ये नव्या जोडप्याला शुभेच्छा देताना तेच तोंडातून गेलं. जोडपं अजून एकत्र आहे.

विजेच्या गाडीची काच खाली आली. आत चष्मेवाली, टोपी कानांपर्यंत ओढलेली बाई.

"तू आयलर्ट ना?"

"दुर्दैवानं."

"मी विबेके. रस्ता बंद करता येईल का ते बघायला आलेय."

"आज तसदी घेऊ नकोस. वाऱ्यानं आधीच केलाय."

ती हसली नाही. दक्षिणेकडची माणसं घरी जाऊन हसतात.

"मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "नियम सरळ आहे. घाटाच्या वाटेवर बारमाही राहती घरं दहाच्या वर असली, तर रस्ता हिवाळ्यात बंद ठेवता येत नाही. नकाशावर तिथे एकही घर नाही."

"माझं आहे की."

"ते घाट उतरल्यावर, रस्त्यापासून आत. ते एकटं धरता येत नाही. पण मी नुसत्या नकाशावर जात नाही. वाटेत जे डोळ्यांनी दिसेल तेच लिहिणार."

"या हवेत?"

"जे दिसेल ते."

मागून ट्रिग्वे ओरडला, "बाई, तुला काही दिसलं तर आम्हालाही सांग! आम्हाला इथे कधी काही दिसलेलं नाही!"

ताफा निघाला. वर घाटात बर्फ आडवा उडत होता, आणि आयलर्टला समोर फक्त स्वतःच्याच दिव्यांचा पांढरा भपका दिसत होता. पण त्याला बघायची गरजही नव्हती. हात आपोआप चालत होते आणि डोकं खालच्या फाटकापाशी पोचून विबेकेशी बोलत होतं. तिथे गाड्या सुटल्या की दोन मिनिटं मिळणार होती. त्या दोन मिनिटांत घाट वाचवायचा होता.

'विबेके, आमच्या बायका बाळंतपणाला याच रस्त्यानं जातात.' हे छान होतं. पण क्वालनेसमधली सगळ्यात तरुण बाई पन्नाशीची होती, आणि तिचा तसा काही विचार दिसत नव्हता.

'विबेके, आमची मासळी याच रस्त्यानं जाते.' हे खरं होतं. पण मासळीला बोटीनं जायला सांगितलं तर ती तक्रार करेल असं वाटेना. पाण्याची तिला सवय असते.

मग तिसरं वाक्य आलं, आणि ते आयलर्टला आवडलं नाही. 'विबेके, मी दुसरं काहीच केलेलं नाही. हा रस्ता रोज पुसला जातो आणि मी तो रोज परत काढतो. एक हिवाळा काढला नाही, तर मी इथे होतो याचा पुरावा म्हणून माझी कंबरदुखी तेवढी उरेल.' हे कसं बोलायचं? कुठल्या आवाजात? टोपी काढून, की घालून? तो याच विचारात घाट उतरला, याच विचारात टपालपेटीपाशी आला, आणि याच विचारात रोजच्यासारखा डावीकडे वळला.

मागचा मासळीचा ट्रक वळला. विबेके वळली. बँडची बस, पाद्री, जर्मन, सगळे वळले. शेवटी ट्रिग्वेही वळला, कारण त्याच्या पुढे दिवा होता, आणि दिवा सोडायचा नाही असा नियम होता.

आयलर्ट घराला वळसा घालून, गोठा मागे टाकून, बटाट्याच्या शेताच्या कडेनं परत टपालपेटीपाशी आला, आणि तिथे त्याला बर्फात एक लाल दिवा दिसला. पुढे. त्याच्या पुढे! ताफ्यात त्याच्या पुढे कुणी नसतं. तीच तर त्याची नोकरी होती.

त्यानं रेडिओ उचलला. "ट्रिग्वे, माझ्या पुढे कुणीतरी नांगर चालवतोय."

"आपल्या घाटात?"

"आपल्या घाटात. आणि बरा चालवतोय हरामखोर. रस्ता स्वच्छ केलाय."

"दक्षिणेचा ठेकेदार असणार," ट्रिग्वे म्हणाला. "बाईनं आधीच माणूस आणून ठेवलाय. सोडू नको त्याला, घोड्या! मी मागे आहेच."

आयलर्टचं डोकं फिरलं. त्यानं नांगर त्या दिव्यामागे घातला. जरा वेळानं रेडिओवर ट्रिग्वेचा आवाज आला, या खेपेला बारीक. "आयलर्ट. माझ्या मागे कुणीतरी लागलंय."

"कोण?"

"दिसत नाही. पण मोठं आहे. आणि रागात आहे."

"वेग वाढव!" आयलर्ट म्हणाला आणि स्वतःही वाढवला.

असा तो सगळा ताफा, आता ज्याला ना डोकं होतं ना शेपूट, बोर्गहिल्डच्या स्वयंपाकघराभोवती फिरत राहिला. थांबायचं नाही, वळायचं नाही, उतरायचं नाही. बसमधली बँडची पोरं खिडकीतून दिसणाऱ्या बाईला हात करत होती, आणि आत बोर्गहिल्ड निळी किटली हातात घेऊन उभी होती. पहिल्यांदा तिनंही हात केला. मग काही फेऱ्या नुसती बघत राहिली, कारण जानेवारीत बघण्यासारखं तसं काही नसतं. मग वॉफलचं पीठ जास्तीचं भिजवायला घेतलं. सगळं तयार झाल्यावर तिनं नवऱ्याला फोन लावला.

"आयलर्ट, जेवायला येतोयस का?"

"बोर्गहिल्ड, आत्ता नाही! मी घाटात आहे, एकाचा पाठलाग करतोय!"

"तू घाटात नाहीस. तू खिडकीत आहेस."

"काय?"

"आता गेलास. आता मासळीचा ट्रक. आता ती छोटी गाडी. थांब जरा, पाद्री आला. ट्रिग्वे आला. हां, हा बघ, परत तू. टोपी सरळ कर."

आयलर्टनं डावीकडे बघितलं. भिंतीवर त्याचेच चार कॉड मासे वाळत टांगलेले होते, आणि त्यांच्याकडे बघून त्याला वाटलं, की या कुटुंबात अक्कल कुणाला असेल तर ती या चौघांना.

त्यानं नांगर थांबवला. मागोमाग सगळं थांबलं. ट्रिग्वेनं मात्र मागचा राक्षस अचानक थांबला म्हणून संधी साधून आणखी थोडं पळून घेतलं, आणि मग तोही थांबला, कारण त्याच्याच धक्क्यानं टपालपेटी समोर आडवी पडली होती.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. वॉफल, तपकिरी चीज, कॉफी. जर्मन जोडप्यानं बोर्गहिल्डचे दोन्ही हात धरून आभार मानले. असा रम्य घाट त्यांनी कुठेच पाहिला नव्हता. आयलर्ट चुलीपाशी उभा होता आणि कचेरीत बसल्यावर आपण फोनवर कसे बोलू याचा मनात सराव करत होता. 'नमस्कार, हेस्तफेलचा रस्ता बंद आहे.' ट्रिग्वे म्हणाला होता ते खरं होतं, आवाज बरा होता.

विबेकेनं चष्म्यावरची वाफ पुसली आणि विचारलं, "हे शेवटचं घर कुणाचं?"

"माझं," आयलर्ट म्हणाला.

"आणि आधीची?"

 कुठेतरी एका पोरानं तुतारी खाली ठेवली.

"मी चौदा मोजली," विबेके म्हणाली. "त्यातल्या तीनच्या वेळी माझी काच गोठली होती, म्हणून ती धरत नाही. अकरा मात्र नक्की. नकाशावर नाहीत, पण मी म्हटलं होतं, जे दिसेल ते लिहीन."

आयलर्टनं खरं सांगायला तोंड उघडलं. दुर्दैवानं त्यात वॉफल होतं, आणि तेवढ्यात ट्रिग्वे म्हणाला, "नातेवाईक आहेत."

"सगळे?"

"एकमेकांना सोडवत नाही त्यांना."

"सगळी घरं पिवळी होती."

"रंगाचे डबे एकदम घेतले की स्वस्त पडतात."

"प्रत्येक खिडकीत एक बाई होती. हीच." विबेकेनं बोर्गहिल्डकडे बघितलं.

"माझ्या बहिणी," बोर्गहिल्ड म्हणाली आणि तिला कॉफी ओतून दिली.

"प्रत्येकीच्या हातात निळी किटली होती."

"आईनं लग्नात एकेक दिली. भांडणं नकोत म्हणून."

विबेके पाद्र्याकडे वळली. खोटं बोलणं पाद्र्याच्या व्यवसायात बसत नाही. पाद्र्यानं वॉफलवर शांतपणे जॅम पसरलं. "मी या प्रत्येक घरात आलेलो आहे," तो म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर प्रत्येक ठिकाणी माझं सारखंच स्वागत झालं."

मग विबेकेनं आयलर्टकडे बघितलं. आयलर्टला ते तिसरं वाक्य म्हणायचं होतं. टोपी काढावी की ठेवावी हे अजून ठरलं नव्हतं. शेवटी त्यानं ती अर्धी काढली आणि म्हणाला, "विबेके, मला गाडी मागे घेता येत नाही."

"मलाही नाही," विबेके म्हणाली, आणि आणखी एक वॉफल घेतलं.

ती घरी गेल्यावर हसली असेल की नाही, कोण जाणे. पण वसंतात खात्याचं पत्र आलं. हेस्तफेल घाटात अकरा घरांची बारमाही वस्ती आढळल्यानं रस्ता हिवाळ्यात चालू राहील. आयलर्टकडे नांगर राहिला. क्वालनेसमध्ये कुणी आनंद साजरा केला नाही, कारण कशाबद्दल केला हे सांगावं लागलं असतं. ट्रिग्वेनं फक्त येऊन आयलर्टच्या पाठीत एक दणका घातला, आणि पडलेली टपालपेटी उभी करून दिली.

आता कायद्यानं वस्ती म्हटली की वस्तीच्या सोयी आल्या. पहिल्यांदा आली टपालपेट्यांची लाकडी मांडणी, अकरा खणांची. मग रस्त्यावर दिवे लावायला शहरातून एक वीजवाला आला. "घरं कुठायत?" त्यानं विचारलं.

"हे पहिलं," आयलर्ट म्हणाला आणि त्याला घेऊन घराला वळसा घातला. "हे दुसरं."

चौथ्या घरापाशी वीजवाल्याचा चेहरा बदलला. त्याची आई क्वालनेसची होती. "कळलं," तो म्हणाला, "पुढची माझी मी बघतो," आणि त्यानं घराभोवती अकरा खांब रोवले. तेव्हापासून ध्रुवीय काळोखात अख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त उजेड बोर्गहिल्डच्या स्वयंपाकघरात असतो. मच्छीमार त्याला बंदर समजून वळतात. धुराडी साफ करणारा अकरा वेळा येतो आणि तेच धुराडं साफ करतो. आता त्यातून आरपार आभाळ दिसतं. बस येते. तिला थांबे अकरा आहेत, आणि बसवाला कर्तव्याला चुकत नाही. बोर्गहिल्डच्या दहा बहिणींना गावच्या बायकांच्या गायनमंडळात यायचं आग्रहाचं बोलावणं आलं, तेव्हा ती म्हणाली, "मी एकटी जाते, पण मोठ्यांदा गाते."

आयलर्टचं सर्वोत्तम काम, त्याच्या अंगणातला तो गोल रस्ता, आता सरकारी झाला. तो मोकळा ठेवायचं काम अर्थातच आयलर्टवर आलं. वादळ झालं की घाट बंद होतो, आणि घाट म्हणजे आता त्याचं अंगणही. तेव्हा दारातून गोठ्यात जायचं असलं तरी आयलर्टला आधी फाटकापाशी जाऊन ताफ्यात उभं राहावं लागतं. ताफ्यापुढे नांगर लागतो, आणि नांगरवाला गोठ्यात जायला निघालेला असतो.

खरं सांगायची सोय नाही. एक घर जरी कमी झालं तर उरतात दहा, आणि दहा घरांना खातं रस्ता देत नाही. बोर्गहिल्डनं दोन हिवाळे हे सगळं सोसलं. मग एके सकाळी तिनं पडदा बाजूला करून अकरा दिवे बघितले, आयलर्टपुढे कागद ठेवला, आणि म्हणाली, "लिही. पण घाटाला धक्का लागता कामा नये." आयलर्टनं लिहिलं. टोपी घालून लिहिलं.

प्रति, मा. प्रमुख, रस्ते खातं.
विषय: हेस्तफेल वस्तीतील घरांच्या जागेबाबत.

महोदय,
उपरोक्त वस्तीतील अकराही घरं सुस्थितीत असून रस्ता चालू ठेवल्याबद्दल सर्व रहिवासी आपले ऋणी आहेत. तथापि घरं एकमेकांच्या फारच जवळ पडल्यानं रहिवाशांची, विशेषतः झोपेची, गैरसोय होते. सबब नम्र विनंती, की यांपैकी दहा घरं त्यांतील बहिणी, किटल्या व मासे यांसह, वस्तीची गणना कायम ठेवून, घाटातच अन्यत्र सोयीच्या ठिकाणी हलवण्यात यावीत. आणि शिल्लक राहणाऱ्या घरात नेमका अर्जदारच राहतो किंवा कसं, हे त्यास हिवाळ्यापूर्वी लेखी कळवण्यात यावं.